चेहरा कुणाचा बिघडला?

विनोदी नटाची शोकांतिका हा आपल्या समाजाचा फार लाडका विषय. जगाला हसवणारा स्वतः मात्र एकटाच रडला, असं म्हटलं की आपले डोळे भरून येतात. राज कपूरने 1970 मध्ये 'मेरा नाम जोकर'मध्ये असाच विदूषक रंगवला, त्यात बराचसा तो स्वतःच होता. मराठीत 2016 मध्ये मास्टर भगवान यांच्या आयुष्यावर 'एक अलबेला' आला. गिरणी कामगाराचा मुलगा, 1951 च्या 'अलबेला'ने लोकांनी डोक्यावर घेतलेला, पुढे होतं नव्हतं ते गमावून 2002 मध्ये वारलेला. भगवानदादा मूळचे पालव. हे आडनाव आमच्या मालवण-कुडाळ भागातलं, त्यामुळे कट्ट्यात या दुःखाला घरचं माणूस गेल्याची धार आहे.

या दुःखाशी माझं भांडण नाही. धंद्याने कष्टकऱ्याच्या मुलाला डोक्यावर घेतलं आणि टाकून दिलं, हे सांगायलाच हवं. माझा सवाल एवढाच, की याच हिशेबात एका बाईचं नुकसान कुणाच्या नावावर मांडायचं?

1942 मध्ये 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात भगवान यांनी ललिता पवारांना थोबाडीत मारायची होती. ती इतक्या जोरात बसली की त्यांच्या चेहऱ्याला पक्षाघात झाला, डावा डोळा कायमचा अधू झाला. उपचारांत तीन वर्षं गेली. त्या तेव्हा 26 वर्षांच्या होत्या. नायिका होत्या, 1938 मध्ये त्यांनी 'दुनिया क्या है'ची निर्मितीही केली होती. पण अधू डोळ्याची नायिका धंद्याला चालत नाही. मग काय चालतं? खाष्ट सासू! पुढे 1987 मध्ये घराघरातल्या दूरदर्शनवर मंथराही त्याच.

मैत्रिणींनो, जरा थांबून विचार करू या. 'बाईच बाईची वैरी' हे वाक्य आपण गावोगाव खोडत फिरतो. त्या वैरिणीचं पडद्यावरचं सर्वांत ओळखीचं रूप म्हणजे कामावर जखमी झालेल्या एका स्त्रीचा डोळा. त्या जखमेला आपण दुष्टपणाची खूण मानलं. ललिताबाईंनी त्यातूनही 1959 च्या 'अनाडी'त मायेची बाई उभी केली, हे त्यांचं कर्तृत्व. पण म्हणून अन्याय मिटत नाही.

आमच्या गटात हा विषय काढला, तेव्हा एक बाई चटकन म्हणाली, "मुद्दाम थोडीच मारलान?" नाही, मुद्दाम नाही. पण काजूच्या कारखान्यात बाईचे हात चिकाने भाजतात तेही कुणी मुद्दाम करत नाही, तरी आपण मालकाला जाब विचारतोच ना? तसाच इथेही विचारायला हवा. अपघाताच्या वेळी जबाबदारी कुणाची होती आणि किंमत कुणी मोजली?

नाक्यावर सगळ्यांना हसवणारा, पैसे उधळणारा पुरुष आपल्या वाडीतही असतो. त्याचा संसार बुडाला की सगळे हळहळतात, "माणूस सोन्यासारखो, नशीबच फुटक्या." त्याची बायको लोकांच्या कलमांच्या बागेत मजुरीला जाऊन घर चालवते. तिचा चेहरा सुकतो, जीभ कडू होते. मग तिचं नाव पडतं कजाग.

म्हणून गटांत असे सिनेमे जरूर दाखवा. पण रडून झाल्यावर दिवे लावा आणि बायकांना विचारा: या गोष्टीत आणखी कुणाचं काय गेलं, आणि तिच्यावर सिनेमा कोण काढणार?