हसलो कोणाला?

२०१४ सालच्या फेब्रुवारीत 'फँड्री' लागला, तेव्हा आम्ही सहकुटुंब नाशिकच्या एका थिएटरात गेलो होतो. डुकराच्या मागे ते कुटुंब धावते, डुक्कर सटकते, बाप चिखलात धडपडतो आणि शाळेची पोरे गंमत बघत उभी राहतात. थिएटरात हशा पिकला. आम्हीही हसलो. शेवटी जब्याने भिरकावलेला दगड सरळ पडद्यातून आमच्या अंगावर आला आणि सिनेमा संपला.

घरी परतताना मुलांची आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अहो, तुम्ही त्या पोराला हसलात, की त्याच्याबरोबर हसलात?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. चळवळीत पंचवीस वर्षे काढली, शंभर सभांत भाषणे केली. आणि अंधारात तिकीट काढून बसल्याबरोबर आम्ही त्या हसणाऱ्या पोरांच्या रांगेत जाऊन बसलो! आम्हाला तिथे कोणी बसवले? बसलो ते कळले का नाही? वाचकहो, सिनेमा 'बघायला' शिकले पाहिजे, हे त्या रात्री आम्हाला पटले. आजचा लेख त्यासाठीच.

आम्ही वाणिज्य शाखेचे आणि पेशाने कारकून. आमच्या टेबलावर बिल आले की आम्ही आधी बेरीज बघत नाही, व्हाउचर मागतो. पैसे कोणी दिले, कोणाला दिले, कशाबद्दल दिले? सिनेमाचेही तसेच आहे. गाणी, मारामारी, रडारड ही झाली बेरीज. व्हाउचर मागायची सवय आपल्याला नाही.

नाशिककराला तर हे जमलेच पाहिजे, कारण या देशातला सिनेमा आपल्या अंगणात वाढला. दादासाहेब फाळके त्र्यंबकेश्वरचे. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' मुंबईला दाखवल्यावर त्यांनी आपला कारखाना नाशकात आणला. त्यांचे स्मारक त्रिरश्मी लेण्यांच्या पायथ्याशी आहे, बुद्धविहाराला अगदी लागून. आपण लेणी बघायला मुलांना नेतो तेव्हा दोन्ही ठिकाणी फिरतो. फाळक्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे, की ख्रिस्ताच्या जीवनावरचा सिनेमा बघताना त्यांच्या डोळ्यांपुढे राम, कृष्ण, अयोध्या, गोकुळ दिसू लागले आणि आपली माणसे पडद्यावर कधी येतील असे त्यांना वाटले. माणूस मोठा जिद्दीचा, यात शंका नाही. पण व्हाउचर मागायचे म्हणजे एवढेच विचारायचे, की या 'आपली' शब्दात कोण कोण बसले होते?

हरिश्चंद्राची कथा आठवून बघा. राजाचे राज्य गेले, बायको-पोर विकले गेले आणि शेवटी त्याच्यावर डोंबाच्या हाताखाली मसणात राबण्याची पाळी आली. ऐकणारा हळहळतो. पण जे काम राजाच्या वाट्याला आले म्हणून आपण रडतो, ते काम त्या डोंबाच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले आहे. त्याच्यासाठी कोणी रडत नाही. राजाचे दुःख किती खोल आहे हे मोजण्यासाठी त्याला तिथे उभे केले आहे. हा झाला पहिला धडा: पडद्यावर नुसते असणे वेगळे आणि गोष्ट आपली असणे वेगळे.

पुढे १९३६ साली 'अछूत कन्या' आला. अशोककुमार आणि देविकाराणी. अस्पृश्य मुलगी आणि ब्राह्मण मुलगा यांचे प्रेम दाखवले, त्या काळी ही हिंमतच म्हणायची. पण शेवटी गाडी थांबवायला रुळावर धावते ती कस्तुरी, आणि मरते तीही कस्तुरीच. १९५९ साली बिमल रॉय यांचा 'सुजाता' आला. नूतनचे काम अप्रतिम, सिनेमाही तळमळीने केलेला. आपल्या आयाबहिणी तो बघून रडल्या. त्या घरात सुजाता मुलगी नाही, मुलीसारखी आहे. आणि 'सारखी' हा शब्द केव्हा गळून पडतो? सांभाळणाऱ्या बाईला रक्त लागते, कोणाचेच जुळत नाही, सुजाताचे जुळते, तेव्हा. म्हणजे एकीने जीव दिला, दुसरीने रक्त दिले, मग त्या चांगल्या ठरल्या. पुढच्या पिढीने विचारायचे ते हे: माणूस म्हणून मान मिळायला आमच्याच मुलीने काहीतरी का द्यायचे? घरच्या पोटच्या मुलीला ही परीक्षा का नाही?

असे विचारले म्हणजे ते सिनेमे टाकाऊ ठरतात असे नाही. 'सुजाता' आम्ही आजही बघतो आणि आजही आमचे डोळे भरून येतात. डोळे भरू द्यावेत, पुसावेत आणि मग प्रश्न विचारावा.

काही महिन्यांनी वस्तीतल्या मुलांना जमवून मागून आणलेल्या प्रोजेक्टरवर 'फँड्री' पुन्हा लावला. या वेळी मधे मधे थांबवत बघितला. डुकराला घेरलेले असताना शाळेत राष्ट्रगीत सुरू होते, सगळे कुटुंब जागच्या जागी उभे राहते आणि डुक्कर निघून जाते. मुले हसली. आम्ही सिनेमा थांबवून विचारले, "यात हसण्यासारखे काय आहे?" एक मुलगा म्हणाला, "काका, त्यांनी मान दिला, पण त्यांना कोणी देत नाही." आठवीतल्या पोराने हे सांगितले! मग मेलेले डुक्कर काठीला बांधून नेतात तो प्रसंग आला. मागे शाळेची भिंत, भिंतीवर महापुरुषांची चित्रे, त्यात बाबासाहेब. आमच्यातली चार पोरे उठून 'जयभीम' म्हणाली. तेवढ्यात मागून एक मुलगी म्हणाली, "काका, आपल्या वस्तीतपण डुकरं धरणारे आले की आपण त्यांना चिडवतोच की."

खोलीत कोणी बोलेना. जब्याचे घर कैकाडी. भिंतीवरचे बाबासाहेब त्यांचेही आहेत, पण त्यांना हसणाऱ्यांत आपण नाही असे छातीवर हात ठेवून कोण सांगेल? शेवटचा दगड गावातल्या पोरांवरच फेकलेला आहे अशी आमची समजूत होती. मुलीने ती एका वाक्यात मोडली. कॅमेरा जिथे उभा आहे तिथे आपण बसलेलो असतो. म्हणून दगड आपल्याकडे येतो.

आता घरातल्या टी.व्ही.बद्दल. रात्रीचा स्वयंपाक उरकून मालिका बघणाऱ्या माताभगिनींवर आम्ही टीका करणार नाही. दिवसभर राबलेल्या बाईला अर्धा तास हवाच. फक्त बघता बघता चार गोष्टी टिपाव्यात. पहिली, घरातल्यांची आडनावे काय आणि कामवालीला आडनाव आहे का? दुसरी, चेहरा जवळून कोणाचा दाखवतात आणि पाठमोरे कोण राहते? तिसरी, संगीत कोणासाठी वाजते? वाईट सुनेला एक सूर आणि सोशिक सुनेला दुसरा, म्हणजे आपण विचार करण्याआधीच निकाल लागतो. चौथी, शेवटी मिळते कोणाला आणि सोडते कोण? जाहिरातीलाही हेच विचारावे. काळी मुलगी गोरी झाली की तिला नोकरी मिळते, असे वर्षानुवर्षे दाखवलेल्या क्रीमने २०२० साली नावातला 'फेअर' शब्द काढला. लोकांनी प्रश्न विचारले म्हणूनच ना?

हाच नियम आपल्या लाडक्या चित्रांनाही लावावा. जब्बार पटेलांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' २००० साली आला. मामुट्टींना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०१९ साली स्टार प्रवाहवर मालिका आली, तेव्हा घरोघरी माणसे वेळेवर जेवून बसत. अभिमान वाटलाच पाहिजे. पण तिथेही विचारावे, की रमाईला किती वेळ दिला आणि तिच्या तोंडी काय घातले? सत्याग्रहात चाललेल्या हजारो बायाबापड्यांपैकी किती जणांना चेहरा मिळाला? आपल्या माणसाचे चित्र आले म्हणून व्हाउचर मागायचे सोडले, तर आमचे ऑफिस आणि आपले घर यात फरक काय राहिला?

पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये सिनेमा कसा बघावा याचे रीतसर शिक्षण मिळते. ज्यांना शक्य असेल त्यांनी मुलांना जरूर पाठवावे. ज्यांना शक्य नाही त्यांनी एक शंभर पानी वही आणावी. महिन्यातून एक सिनेमा सगळ्यांनी मिळून बघावा आणि बघून झाल्यावर घरातल्या सर्वांत लहान मुलाला आधी बोलू द्यावे. मोठ्यांनी शेवटी बोलावे. आमच्या घरी वहीच्या पहिल्या पानावर मुलांच्या आईचा तो प्रश्न लिहिलेला आहे. त्याखाली आमचे उत्तर अजून पूर्ण झालेले नाही.