दुरुस्तीचा निर्णय खरोखर ग्राहकाचा आहे का?

दहा-बारा वर्षे निमूटपणे चाललेले वॉशिंग मशीन एके दिवशी बंद पडते, तेव्हा घर दिल्लीतले असो, कोइमतूरचे असो वा गुवाहाटीचे, प्रश्न एकच उपस्थित होतो : दुरुस्त करावे की नवे घ्यावे? हा प्रश्न वरकरणी निव्वळ घरगुती वाटतो. परंतु त्याचे उत्तर ग्राहकाने द्यायच्या आधीच बहुतांशी ठरून गेलेले असते, असे माझे मत आहे. ते ठरते यंत्राच्या रचनेत, सुट्या भागांच्या किमतीत आणि सरकारच्या धोरणात.

पाश्चात्त्य देशांत याबाबत एक ढोबळ नियम सांगितला जातो. यंत्राचे निम्मे आयुष्य सरले असेल आणि दुरुस्तीचा खर्च नव्याच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक होत असेल, तर ते बदलावे. त्या देशांत या नियमाला आधार आहे, कारण तेथे कारागिराचा तास महाग असतो. भारतात परिस्थिती नेमकी उलट आहे. आपल्याकडे कुशल हात मुबलक आहेत आणि त्यांची मजुरी बेताची आहे. त्यामुळे दुरुस्ती हाच भारतात स्वाभाविक पर्याय असायला हवा. तरीही ती परवडेनाशी झाली असेल, तर दोष मजुरीचा नसून सुट्या भागांचा आणि त्यांवरील मक्तेदारीचा आहे.

यंत्राच्या अंतरंगात डोकावले की हे स्पष्ट होते. दोन टबांच्या सेमी-ऑटोमॅटिक मशीनमध्ये (ज्याच्या पिळणाऱ्या टबाला आपण ‘ड्रायर’ म्हणतो) बिघडणाऱ्या वस्तू मोजक्याच असतात : कपॅसिटर, पट्टा, ब्रेकची तार, टायमर, फार तर मोटार. गल्लीतला कोणताही मेकॅनिक हे भाग बदलतो आणि यंत्र आणखी काही वर्षे चालते. पुढून दार असलेल्या आधुनिक यंत्रांची गोष्ट वेगळी. त्यांपैकी अनेकांचा बाहेरचा टब कारखान्यातच कायमचा जोडून बंद केलेला असतो. आतले बेअरिंग झिजले, तर काही शे रुपयांच्या त्या भागासाठी संपूर्ण टब बदलावा लागतो. इलेक्ट्रॉनिक बोर्ड ओलाव्यापासून वाचावा म्हणून त्यावर राळेसारखा थर ओतलेला असतो. मग एखादा सुटा घटक गेला तरी सबंध बोर्डच बदला, असे सांगितले जाते. जाहिरातीत मात्र मोटारीला दहा वर्षांची हमी ठळक अक्षरांत झळकते. सहसा न बिघडणाऱ्या भागाची हमी दीर्घ आणि व्होल्टेजच्या चढउतारांत बळी पडणाऱ्या बोर्डाची अल्प, असा हा हिशेब आहे.

माझ्या घरचे अकरा वर्षांचे यंत्र बंद पडले, तेव्हा कंपनीच्या तंत्रज्ञाने बोर्ड बदलण्याचा जो खर्च सांगितला, तो नव्या यंत्राच्या किमतीच्या निम्म्याजवळ जाणारा होता. त्याच दमात त्याने जुने देऊन नवे घेण्याची योजनाही पुढे केली. वस्तीतल्या एका मेकॅनिकने तोच बोर्ड हातात घेऊन सांगितले, ‘‘साहेब, बोर्ड शाबूत आहे, यातला एक रिले गेलाय.’’ अर्ध्या दिवसात यंत्र सुरू झाले. हा त्या कारागिराच्या कौशल्याचा भाग खराच. पण बोर्डावर थर ओतलेला असता किंवा बिघाडाचा संकेत केवळ कंपनीलाच वाचता आला असता, तर त्याचे कौशल्य निरुपयोगी ठरले असते.

दुरुस्ती हे काही ब्रीदवाक्य नव्हे, हेही मान्य केले पाहिजे. काही वेळा नवे घेणेच शहाणपणाचे असते. पत्रा गंजून विजेचा झटका बसू लागला असेल, तर ते यंत्र क्षणभरही वापरू नये. २०२४ च्या उन्हाळ्यात बेंगळुरूने जे अनुभवले, तशी पाणीटंचाई असलेल्या शहरात कमी पाणी लागणारे यंत्र घेण्यात निश्चितच अर्थ आहे. विजेच्या बचतीचा युक्तिवाद मात्र तपासून घ्यावा. चोवीस तास चालणारा जुना फ्रिज बदलल्याने वीजबिलात फरक पडतो. वॉशिंग मशीनची बहुतांश वीज पाणी तापवण्यात जाते आणि आपल्याकडे असंख्य घरांत कपडे थंड पाण्यातच धुतले जातात, उन्हात वाळतात. तेथे केवळ विजेसाठी चालते यंत्र बदलण्याने फारसे काही साधत नाही.

सरकारला हा विषय ठाऊक नाही, असे नव्हे. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती टिकाऊ उपकरणे आणि वाहने ही चार क्षेत्रे तिच्यासमोर होती. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, यासाठीचे संकेतस्थळ सुरू झाले. मे २०२५ मध्ये दुसऱ्या एका समितीने ‘दुरुस्ती-सुलभता निर्देशांका’चा आराखडा सादर केला, पण त्यात अग्रक्रम मिळाला तो स्मार्टफोन व टॅबलेटना. संकेतस्थळ माहिती देते. सुटा भाग वाजवी दरात उपलब्ध करून देण्याचे बंधन ते घालू शकत नाही. हक्क हा शब्द आपण वापरला, कर्तव्य कोणाचे हे मात्र लिहिले नाही.

युरोपीय संघाने मार्च २०२१ पासून वॉशिंग मशीनच्या उत्पादकांना किमान दहा वर्षे सुटे भाग पुरवणे बंधनकारक केले. फ्रान्समध्ये त्याच वर्षापासून या यंत्रांवर दुरुस्ती-सुलभतेचे गुण छापले जाऊ लागले. ऑस्ट्रियाने २०२२ मध्ये दुरुस्तीचा निम्मा खर्च, ठरावीक मर्यादेपर्यंत, सरकारने उचलण्याची योजना आणली. मजुरी महाग असलेले देश दुरुस्ती टिकवण्यासाठी तिजोरी उघडतात. मजुरी स्वस्त असलेला देश मात्र आपली जमेची बाजू वाया घालवतो. जुलै २०१८ मध्ये आपण वॉशिंग मशीनवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आणला, ते योग्यच होते. परंतु अधिकृत केंद्रातील दुरुस्तीवरही १८ टक्केच कर आहे. जपणे आणि टाकून देणे यांत करव्यवस्था काहीच भेद करत नाही.

उद्योगांचा आक्षेप ठरलेला असतो : बाहेरचा कारागीर बनावट भाग बसवेल, अपघात होतील. ही भीती सर्वस्वी खोटी नाही. पण बनावट मालाला बाजार मिळतो, तो अस्सल माल खुल्या बाजारात येऊ दिला जात नाही म्हणून. मोटारींच्या बाबतीत हाच युक्तिवाद झाला होता. २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने तो अमान्य करून, सुटे भाग व तपासणीची साधने स्वतंत्र गॅरेजांना न देणाऱ्या १४ कंपन्यांना २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्या रकमेवर पुढे अपिले झाली, तरी तत्त्व स्पष्ट आहे. जे मोटारीला लागू, ते वॉशिंग मशीनला का नसावे?

या प्रश्नाला रोजगाराचीही बाजू आहे. दिल्लीचे नेहरू प्लेस, मुंबईचा लॅमिंग्टन रोड, चेन्नईची रिची स्ट्रीट, बेंगळुरूचा एस. पी. रोड या बाजारांनी पदवी नसलेल्या कित्येक तरुणांना हुन्नर दिला. दुरुस्ती संपली की हा हुन्नरही संपतो आणि उरते ते फक्त भंगार. ते पोहोचते सीलमपूरसारख्या वस्त्यांत, जिथे माणसे उघड्या हातांनी तांबे वेगळे करतात. एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत नूतनीकरणाची दखल आहे. परंतु उत्पादकाचे उद्दिष्ट मोजले जाते, ते पुनर्चक्रीकरणाच्या वजनात. मेलेल्या यंत्राची विल्हेवाट कशी लागली याचा हिशेब आपण ठेवतो, जे जगू शकले असते त्याचा ठेवत नाही.

मागण्या मोजक्याच आहेत. मॉडेल बंद झाल्यावरही दहा वर्षे सुटे भाग मिळावेत आणि त्यांची कमाल किंमत जाहीर असावी. बिघाडाचे संकेत व आराखडे कोणत्याही कारागिराला खुले असावेत. वीजबचतीच्या ताऱ्यांशेजारी दुरुस्ती-सुलभतेचे गुण छापले जावेत आणि दुरुस्तीवरील कर कमी व्हावा. एवढे झाल्यावरही एखाद्या कुटुंबाने नवे यंत्र घेतले, तर तो त्यांचा निर्णय असेल. आज तो तसा नाही.