जुन्या पिस्तुलाची पारख

आपल्या घरचें चकमकीचें पिस्तूल खरोखर कंपनी सरकारचें काय, असें परवां पुतण्यानें विचारलें. घोड्याखालच्या पोलादी पट्टीवर हृदयाकृति मुद्रा असल्यास तें सुमारें १८०८ पूर्वींचें. पुढें तेथें मुकुट धरलेला सिंह आला. खैबरकडील नकली हत्यारांवर इंग्रजी अक्षरें उलटीं पडतात. मास्तराच्या डोळ्यास हें चटकन् खुपतें! व्हिक्टोरिया राणी १९०१ सालीं निवर्तली, तरी तिच्या आद्याक्षरांखालीं नंतरचा सन सांपडतो. खऱ्या वस्तूचें मोल मात्र स्पष्ट मुद्रेंत व लोखंडाच्या जुन्या काळसर छटेंत असतें. आमच्या घरीं दर खंडेनवमीस विटेच्या भुकटीनें पिस्तूल घासण्याचा प्रघात. मीहि तो चाळीस वर्षें श्रद्धेनें पाळला. आतां भिंग लावून पाहतों, तों मुद्रेच्या जागीं नुसती चकाकी. पुतण्या अद्याप उत्तराची वाट पाहत आहे.