फुकटचा मुक्काम की बिनपगारी नोकरी?

निवृत्तीनंतर नवरा-बायकोने परदेशात महिनोन्‌महिने राहायचे आणि हॉटेलला एक पैसा द्यायचा नाही, असे सांगणारे व्हिडिओ हल्ली आपल्या ज्येष्ठ सभासदांच्या मोबाइलवर सारखे येतात. त्याला ‘हाउस सिटिंग’ म्हणतात. आपण त्याला घरराखण म्हणू. मालक सुट्टीवर जातो, कुत्रा-मांजर घरीच राहते. तुम्ही त्या घरात राहायचे, जनावरांचे खाणेपिणे बघायचे, झाडांना पाणी घालायचे. पैसे मालकाने तुम्हाला द्यायचे नाहीत, तुम्ही मालकाला द्यायचे नाहीत. अशी गाठ घालून देणाऱ्या संस्था आहेत. त्यांतली ठळक म्हणजे ब्रिटनमध्ये २०१० साली सुरू झालेली ‘ट्रस्टेड हाउससिटर्स’. ती वार्षिक वर्गणी घेते.

मालकाचा फायदा उघड आहे. तिकडे कुत्रा ठेवायची सोय महाग पडते, म्हातारे मांजर दुसरीकडे नेले की खात नाही. शिवाय घर सलग ३० ते ६० दिवस रिकामे राहिले तर बऱ्याच विमा कंपन्या संरक्षण कमी करतात. त्यामुळे घरात कोणीतरी असलेले त्यांना हवेच असते, आणि निवृत्त जोडपे म्हणजे उत्तम माणसे. संसार केलेली, वेळ असलेली, रात्री पार्ट्या न करणारी.

इथपर्यंत सगळे छान आहे. प्रश्न आहे तो व्हिसाचा, आणि तो व्हिडिओत शेवटी घाईघाईने येतो किंवा येतच नाही.

आम्ही बँकेतली माणसे. १८७२ चा करार कायदा नोकरीतल्या परीक्षांसाठी घोकलेला. त्यात मोबदला म्हणजे रोकडच असे कुठेही नाही. वीस रात्रींचा मुक्काम घ्यायचा आणि वीस दिवस कुत्रा फिरवायचा, हा सरळ व्यवहार झाला. परदेशी कायदाही याच नजरेने बघतो. न्यूझीलंडमध्ये ‘लाभ किंवा मोबदला’ यासाठी केलेली कृती म्हणजे काम, आणि राहण्याजेवण्याची सोय त्या लाभात धरली जाते. ऑस्ट्रेलियाची व्याख्या अशी की, ज्या कामाला तिथे एरवी पैसे मिळतात ते काम, मग तुम्हाला मिळोत वा न मिळोत. ब्रिटनमध्ये व्हिजिटरला काम करता येत नाही. स्वयंसेवाही नोंदणीकृत धर्मादाय संस्थेसाठी, ३० दिवसांपर्यंतच. कुणाचा लॅब्राडोर ही धर्मादाय संस्था नव्हे.

हे नुसते कागदावर नाही. २०२२ साली एक ऑस्ट्रेलियन प्रवासी कॅनडात मांजर सांभाळायला निघाली होती. वाटेत लॉस एंजेलिसला तिची चौकशी झाली आणि तिथूनच तिला परत पाठवले. २०२५ मध्ये एका ब्रिटिश तरुणीला, घरकामात मदत करून त्याबदली राहत असल्याच्या कारणावरून, अमेरिकेत १९ दिवस स्थानबद्ध राहावे लागले. कॅनडाने तिला सीमेवरूनच मागे फिरवले होते.

आता पासपोर्टाचा फरक बघा. हे व्हिडिओ करणारे बहुतेक ब्रिटिश, अमेरिकन, ऑस्ट्रेलियन. त्यांना अनेक देशांत आगाऊ व्हिसा लागत नाही. परत पाठवले तर त्यांचेही नुकसान होतेच. पण आपण बँकेचे स्टेटमेंट, आयकर विवरण, घराचे कागद जोडून, बोटांचे ठसे देऊन व्हिसा मिळवतो. अमेरिकेत विमानतळावरून तातडीने हद्दपारीचा आदेश निघाला तर साधारणपणे पाच वर्षे बंदी येते. ब्रिटनमध्ये अर्जात खोटे सांगितल्याचे ठरले तर दहा वर्षे. आणि ‘यापूर्वी कधी प्रवेश नाकारला होता का?’ हा प्रश्न पुढच्या प्रत्येक फॉर्मवर असतो.

आपल्या बडोद्यात दांडिया बाजार-रावपुऱ्यापासून अलकापुरीपर्यंत कितीतरी घरांतली मुले न्यू जर्सीला, मेलबर्नला, लंडनला आहेत. पाच-दहा हॉटेलांची बिले वाचवायला जाऊन अमेरिकेचा दहा वर्षांचा व्हिसा गेला, तर उद्या सुनेच्या बाळंतपणाला कोण जाणार? आमच्या मते हा हिशेब कुठल्याही बाजूने जुळत नाही.

‘फिरायला आलो म्हणून सांगायचे, कोण बघतो?’ असे म्हणणारे भेटतात. अमेरिकेच्या सीमेवर अधिकारी फोन उघडायला सांगू शकतो, आणि मालकाशी झालेले सगळे बोलणे त्यातच असते. शेंगेनच्या अर्जात राहण्याचा पुरावा लागतो. तिथे काय जोडणार? अनोळखी मालकाचे निमंत्रण, ज्यात लिहिलेले असते की त्या दिवसांत तो स्वतः घरी नाही! उलट शेंगेनमध्ये सरळ मार्गाने जाणाऱ्यांसाठी एप्रिल २०२४ पासून नियम सोपे झाले आहेत. तीन वर्षांत दोन व्हिसे नीट वापरले असतील तर पुढचा दोन वर्षांचा, बहुप्रवेशी मिळू शकतो. १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा मात्र तशीच आहे. व्हिसा लागत नाही अशा देशांतही तिथे काम चालते असा अर्थ होत नाही, हेही लक्षात ठेवावे.

लेकीकडे राहायला जाणे ही गोष्ट वेगळी. नातेवाइकांची भेट हे व्हिजिटर व्हिसाचे मान्य कारण आहे. तिथे असताना तिच्या कुत्र्याला बागेत नेले म्हणून कोणी नोकर ठरत नाही. विचारले तर भेटीला आलो असे सांगावे, कारण ते खरेच आहे.

कामाचाही विचार करावा. ‘मांजर सांभाळणे’ म्हणजे सकाळ-संध्याकाळ माशांचा डबा उघडणे. शाकाहारी घरातल्या बाईंनी हे आधीच ठरवलेले बरे. म्हाताऱ्या मांजराला इन्सुलिनची सुई लागू शकते. कुत्रा पावसातही फिरवावा लागतो, त्याची घाण पिशवीत उचलावी लागते.

हौस खरीच असेल तर ती देशात भागवता येईल. इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद, गोवा, बेळगाव, सगळीकडे आपली माणसे आणि आपली मंडळे आहेत. मुलाकडे सहा महिने जाणाऱ्यांची घरे तिथेही कुलूपबंद असतात. एकमेकांच्या मंडळाची ओळख, दोन्ही बाजूंचे ओळखपत्र आणि एक पानी लेखी समजूत एवढ्यावर हे होऊ शकते. घरातले दागिने लॉकरमध्ये, गॅसचे पुस्तक व डॉक्टरांचा नंबर फ्रिजवर. परदेशात जायचेच असेल तर नेपाळ आहे. तिथे भारतीयांना व्हिसाच लागत नाही, आणि १९५० च्या कराराने राहण्या-व्यवसायाची मोकळीकही दिली आहे.

उलट बाजूनेही सावध असावे. आपल्या बंद घरात कोणी परदेशी पाहुणा राखणीला ठेवायचा विचार असेल तर तो आल्यापासून २४ तासांत त्याची माहिती ऑनलाइन द्यावी लागते, आणि ती जबाबदारी घरमालकाची असते.