मळी, पनीरचं पाणी आणि बॅक्टेरिया: खरंच कुजणारं प्लास्टिक अजून स्वस्त का झालं नाही?

'शास्त्रज्ञांनी कचऱ्यापासून प्लास्टिक बनवलं, काही महिन्यांत मातीत विरघळणार!' अशी पोस्ट दर काही महिन्यांनी व्हायरल होते. कधी त्यात उसाची मळी असते, कधी पनीर बनवताना उरलेलं पाणी, कधी फळांची सालं. खाली कमेंट ठरलेली असते: 'मग हे दुकानात का मिळत नाही?'

प्रश्न रास्त आहे. कारण यामागचं विज्ञान खोटं नाही आणि नवीनही नाही. १९२६ मध्ये पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधले संशोधक मॉरिस लेमोइन यांनी बॅक्टेरियाच्या पेशीत तयार होणारं असं पॉलिमर शोधून काढलं होतं. मग अडलंय कुठे?

बॅक्टेरिया प्लास्टिक का बनवतात?

माणूस जास्तीचं खाल्लेलं चरबीच्या रूपात साठवतो. काही बॅक्टेरिया हेच काम वेगळ्या पद्धतीने करतात. त्यांना साखर किंवा तेल भरपूर मिळालं, पण वाढीसाठी लागणारा नायट्रोजन किंवा फॉस्फरस कमी पडला, तर त्यांची संख्या वाढत नाही. मग ते मिळालेलं अन्न पेशीत छोट्या कणांच्या रूपात साठवून ठेवतात. शेतकऱ्याने कणगी भरून ठेवावी तसं.

हे कण म्हणजेच पॉलीहायड्रॉक्सीअल्कॅनोएट, थोडक्यात पीएचए. क्युप्रिअव्हिडस निकेटर हा यातला सगळ्यात जास्त अभ्यासलेला बॅक्टेरिया. योग्य परिस्थितीत त्याच्या कोरड्या वजनाचा ८० टक्के भाग नुसत्या पीएचएचा असू शकतो. पेशी फोडून हे पॉलिमर वेगळं केलं, की त्याचे दाणे बनतात आणि ते साध्या प्लास्टिकसारखे साच्यात घालता येतात.

मुद्द्याची गोष्ट अशी, की हे एका जिवाणूचं अन्न असल्यामुळे बाकीचे जिवाणूही ते खाऊ शकतात. म्हणून पीएचए मातीत कुजतं आणि समुद्राच्या पाण्यातही कुजतं. किती वेळ लागेल हे मात्र वस्तूची जाडी आणि तापमान यावर ठरतं.

पीएलए आणि पीएचए एकच का?

नाही, आणि इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. पीएलएमध्ये बॅक्टेरिया साखरेपासून फक्त लॅक्टिक ॲसिड बनवतात. त्याचं प्लास्टिक पुढे कारखान्यात रासायनिक प्रक्रियेने होतं. पीएलए नीट कुजायला औद्योगिक कंपोस्ट प्रकल्पातली साधारण ६० अंशांची उष्णता लागते. नाल्यात किंवा समुद्रात पडलेला पीएलएचा कप बराच काळ तसाच राहतो.

भारतात सध्या मोठी गुंतवणूक पीएलएमध्येच आहे. बलरामपूर चिनी मिल्स उत्तर प्रदेशातल्या कुंभी इथे वर्षाला ८० हजार टन क्षमतेचा प्रकल्प उभारत आहे. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने ऑक्टोबर २०२४ मध्ये जेजुरीत बायोपॉलिमरचं प्रात्यक्षिक केंद्र सुरू केलं, तेही पीएलएसाठी. म्हणजे 'साखरेपासून बनलेलं' आणि 'कुठेही कुजणारं' हे दोन वेगळे दावे आहेत.

कचऱ्याची गरज का पडली?

पीएचए महाग पडतं, ते साध्या प्लास्टिकच्या काही पट किमतीला जातं. या खर्चाचा मोठा भाग, कधीकधी निम्म्यापर्यंत, बॅक्टेरियाला खाऊ घालण्यावर जातो. एक किलो पॉलिमरसाठी सुमारे तीन किलो साखर लागते. बाकीची साखर बॅक्टेरिया स्वतःच्या वाढीसाठी आणि श्वसनासाठी वापरतात.

म्हणून संशोधकांची नजर अन्नप्रक्रिया उद्योगातून उरणाऱ्या पदार्थांवर गेली: मळी, पनीर-चीजचं पाणी, तळणीचं वापरलेलं तेल, फळांचा चोथा. फुकटचा कच्चा माल मिळाला तर गणित जुळेल, असा हा विचार.

मग महाराष्ट्रात मळी आहेच की?

आहे, पण ती फुकट नाही. मळीपासून इथेनॉल बनतं आणि तेल कंपन्या ते ठरलेल्या दराने घेतात. जानेवारी २०२५ मध्ये केंद्राने सी-हेवी मळीपासूनच्या इथेनॉलचा दर लिटरला ५७ रुपये ९७ पैसे केला.

आता ढोबळ हिशेब करू. मळीतल्या एक टन साखरेपासून साधारण ६०० लिटर इथेनॉल मिळतं. एक टन पीएचएला तीन टन साखर लागते, म्हणजे १,८०० लिटर इथेनॉलवर पाणी सोडावं लागतं. त्याची किंमत होते एक लाख चार हजार रुपये. म्हणजे प्लास्टिकच्या प्रत्येक किलोमागे कारखान्याचं १०४ रुपयांचं उत्पन्न बुडतं. टाक्या, वीज, पॉलिमर वेगळं करणं, हा सगळा खर्च त्यावर वेगळा.

साध्या पॉलीप्रॉपिलीनचे दाणे गेल्या काही वर्षांत किलोला साधारण शंभर रुपयांच्या आसपास मिळत आले आहेत. सहकारी साखर कारखान्याने ऊस उत्पादकांची एफआरपी द्यायची, की हा जुगार खेळायचा? उत्तर उघड आहे.

ब्राझीलमध्ये साओ पावलो राज्यातल्या सेराना इथे साखर कारखान्याला जोडून असा प्रकल्प १९९० च्या दशकातच उभा राहिला. उष्णतेसाठी तिथलीच उसाची चिपाडं, पॉलिमर वेगळं करायला इथेनॉल बनवताना निघणारंच जड अल्कोहोल. रचना हुशारीची होती, पण प्रकल्प छोट्या प्रमाणापलीकडे गेला नाही.

पनीरच्या पाण्याचं काय?

इथे चित्र वेगळं आहे. चीज किंवा पनीरच्या पाण्यात साडेचार-पाच टक्के लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर असते. मोठ्या डेअऱ्या त्यातून प्रथिनं काढून व्हे प्रोटीन विकतात, पण लॅक्टोज असलेलं पाणी उरतंच. ते तसंच ओढ्यात सोडलं तर पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि मासे मरतात. त्यावर प्रक्रिया करायला डेअरीला पैसे मोजावे लागतात. म्हणजे हा खरा कचरा.

अडचणी दोन. क्युप्रिअव्हिडसला लॅक्टोज थेट पचत नाही. आधी ते तोडावं लागतं किंवा दुसरा सूक्ष्मजीव शोधावा लागतो. दुसरी अडचण पाण्याची: हजार लिटरमध्ये साखर जेमतेम ४५ किलो, म्हणजे प्लास्टिक १५ किलो. हे पाणी टँकरने लांब नेणं परवडत नाही. प्रकल्प डेअरीच्या आवारातच हवा आणि डेअरी मोठी हवी.

नेदरलँड्समध्ये याच दिशेने प्रयोग झाला. फेगल इथल्या मार्स चॉकलेट कारखान्याच्या सांडपाण्यावर डेल्फ्टच्या तंत्रज्ञान विद्यापीठाने प्रायोगिक प्रकल्प चालवला. तिथे एकच शुद्ध बॅक्टेरिया वापरला नाही. टाकीत आळीपाळीने सुकाळ आणि दुष्काळ निर्माण केला. ज्यांना साठा करता येतो तेच बॅक्टेरिया टिकले आणि त्यांच्या वजनात पीएचएचं प्रमाण ७० टक्क्यांपर्यंत गेलं. निर्जंतुकीकरणाचा मोठा खर्च वाचला.

कंपन्या का बुडाल्या?

आयसीआय या ब्रिटिश कंपनीने १९९० मध्ये 'बायोपॉल' नावाने हे प्लास्टिक बाजारात आणलं. जर्मनीत शॅम्पूच्या बाटल्याही निघाल्या. पुढे हा व्यवसाय मोन्सँटोकडे गेला आणि त्यांनीही तो सोडला.

इटलीच्या बायो-ऑनची गोष्ट जास्त बोलकी आहे. साखर बीटच्या उपपदार्थांपासून पीएचए बनवणाऱ्या या कंपनीचं शेअर बाजारातलं मूल्य एक अब्ज युरोच्या पुढे गेलं होतं. जुलै २०१९ मध्ये एका गुंतवणूक फंडाने आरोप केला, की तिची विक्री मुख्यतः स्वतःशी संबंधित कंपन्यांनाच दाखवलेली आहे. कंपनीने आरोप फेटाळले, पण डिसेंबर २०१९ मध्ये न्यायालयाने तिला दिवाळखोर ठरवलं. अमेरिकेतल्या डॅनिमर सायंटिफिकनेही मार्च २०२५ मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केला. जपानची कानेका मात्र वनस्पती तेलापासून पीएचए बनवून टिकून आहे.

कायदा काय म्हणतो?

युरोपीय संघाने २०२१ पासून एकदाच वापरायच्या प्लास्टिक वस्तूंवर बंदी आणली, त्यात पीएचएच्या स्ट्रॉही आल्या. कारखान्यात आंबवून बनवलेलं पॉलिमर 'नैसर्गिक' धरता येणार नाही, असं कारण दिलं गेलं.

भारतात १ जुलै २०२२ च्या बंदीतून कंपोस्टेबल प्लास्टिकला सूट आहे, पण केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. २०२४ च्या दुरुस्तीनंतर 'बायोडिग्रेडेबल' म्हणवणाऱ्या प्लास्टिकने कुजताना मायक्रोप्लास्टिक मागे ठेवता कामा नये, अशीही अट आहे. कंपोस्टेबल पिशवीवर आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक लागू होतं. पण ते औद्योगिक कंपोस्ट प्रकल्पासाठी आहे. ज्या शहरात ओला कचरा वेगळा होऊन अशा प्रकल्पापर्यंत जात नाही, तिथे ही पिशवी डंपिंग ग्राउंडवरच पोचते.

मग पुढची पोस्ट आली की काय बघायचं?

तीन गोष्टी. तो 'कचरा' आज कुणी विकत घेतंय का? घेत असेल, तर तो कचरा नव्हे. प्लास्टिक नेमकं कुठे कुजतं: घरच्या खतात, समुद्रात की फक्त ६० अंशांच्या प्रकल्पात? आणि ते किती टन बनतंय? जगात वर्षाला ४० कोटी टनांहून जास्त प्लास्टिक तयार होतं आणि सगळी जैवप्लास्टिकं मिळून त्यात एक टक्काही भरत नाहीत.

म्हणून पीएचए दुकानातल्या प्रत्येक पिशवीची जागा घेईल, अशी शक्यता जवळपास दिसत नाही. शेतात अंथरायचा मल्चिंग पेपर किंवा मासेमारीची साधनं अशा, वापरानंतर गोळा करणंच अवघड असलेल्या वस्तूंसाठी मात्र जास्तीची किंमत मोजण्याला अर्थ आहे. आणि डेअरीला सांडपाण्यावर खर्च करावाच लागणार असेल, तर त्याच खर्चात थोडं प्लास्टिक हाती लागणं हा तोट्याचा सौदा नाही.