पिकाची मोजणी होते, मरणाची का होत नाही?

सोयाबीन किती क्विंटल निघाले, ओल किती धरली, भाव काय लागला, हे आपल्यातला प्रत्येक शेतकरी मंडीची पावती पाहून सांगतो. परंतु आपल्या गावात गेल्या दहा वर्षांत मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने किती माणसे दगावली, असे विचारले तर कोणालाच सांगता येत नाही. “पोटाच्या दुखण्याने गेले”, “मूळव्याध होती”, “वय झाले होते”, एवढेच ऐकू येते.

हा रोग शहरवाल्यांचा, आपला नव्हे, अशी समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. मुंबईत कर्करोगाची नोंदवही १९६३ साली सुरू झाली. खेड्यांसाठी देशातली पहिली नोंदवही १९८७ साली सोलापूर जिल्ह्यात बार्शी येथे निघाली. बार्शीच्या खेड्यांत आतड्याच्या कर्करोगाचे प्रमाण मुंबईहून कमी आढळते. परंतु आज कमी आहे म्हणून उद्याही कमीच राहील, असे नाही. जपानात दुसऱ्या महायुद्धापूर्वी हा रोग थोडाच होता; आहार व राहणी बदलली आणि पुढल्या काही दशकांत तो फार वाढला. आपल्या माळव्यातही ज्वारीची भाकरी ताटातून गेली, मैदा आला, अंगमेहनत कमी झाली. तंबाखू व दारू तर घरोघरी आहेच.

उलट अमेरिकेत १९८० नंतर या रोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सतत उतरत गेले. आतड्यात प्रथम लहान गाठ येते. तिचा कर्करोग होण्यास बहुधा दहा वर्षे वा अधिक लागतात. तपासणी करून ती गाठ वेळीच काढली की रोगच टळतो. मात्र तेथेही पन्नाशीच्या आतल्या लोकांत हा रोग आता वाढत आहे.

२०२२ सालच्या अंदाजाप्रमाणे जगात या रोगाचे सुमारे १९ लाख नवे रोगी झाले व ९ लाख मृत्यू. भारतात नवे रोगी सुमारे ७० हजार, मृत्यू ४० हजार. म्हणजे आपल्याकडे रोगी कमी, पण रोग्यांच्या मानाने मृत्यू अधिक. कारण आपण उशिरा जातो.

आणि हे आकडेही अंदाजाचे. भोपाळची नोंदवही भोपाळ शहरापुरती. आपला रोगी नानाखेड्याहून इंदूरची बस धरतो, तेथे उपचार घेतो आणि घरी येऊन डोळे मिटतो. २०२० साली देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी जेमतेम २२ टक्क्यांचे कारण डॉक्टरांनी लिहून दिलेले होते.

बार्शीचे कार्यकर्ते नुसते आकडे लिहीत बसले नाहीत. गावोगाव सभा घेऊन त्यांनी रोगाची लक्षणे सांगितली. परिणामी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रिया पूर्वीपेक्षा लवकर दवाखान्यात येऊ लागल्या. मोजणी आणि शिकवण हातात हात घालून चालली की जीव वाचतात, हे तेथे दिसले.

म्हणून आमचे म्हणणे असे. शौचातून रक्त पडत असेल, तीन आठवड्यांहून अधिक काळ शौचाची सवय बदलली असेल, वजन घटत असेल किंवा अंगात रक्त कमी झाले असेल, तर मूळव्याध समजून जडीबुटी घेत बसू नये. डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. लाज धरू नये. घरात कोणाला हा रोग झाला असेल तर इतरांनी अधिक जपावे.

मृत्यू झाल्यास उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून कारणाचा दाखला मागावा. २०२३ च्या कायदा-दुरुस्तीप्रमाणे रुग्णालयाने त्याची प्रत जवळच्या नातेवाइकास द्यावयाची आहे. दफनाच्या वेळी चर्चच्या मृत्यू-नोंदवहीतही खरे कारण सांगावे. मुलीचे लग्न अडेल या भीतीने रोगाचे नाव लपविले, तर त्याच घरातला पुढचा माणूस बेसावध राहतो.

मंडीत एक किलो कमी भरला तर आपण भांडतो. गावातले माणूस कमी झाले, तर ते का, एवढे तरी लिहून ठेवू या.