पाहण्याचा हक्क आणि दाखवण्याची सक्ती

प्राणिसंग्रहालयातील वाघ झोपलेला दिसला की प्रेक्षक चिडतो. जाळीवर हात आपटले जातात, शिट्या वाजतात, शेंगांची टरफले आत पडतात. एखादा खडाही भिरकावला जातो. यावर सुशिक्षितांचे निदान ठरलेले असते : लोक अडाणी आहेत. हे निदान सोयीचे आहे, कारण त्यात व्यवस्थेला हात लावावा लागत नाही.

सोलापूरच्या भवानी पेठेतील एखादे कुटुंब डोळ्यांपुढे आणावे. कर्ता पुरुष यंत्रमागावर, बाई विड्या वळणारी. तिची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने, त्याचीही विणलेल्या कापडावर. अशा घरात सुटीचा दिवस म्हणजे बुडालेली मजुरी. विजापूर रस्त्यावरील महापालिकेच्या महात्मा गांधी प्राणिसंग्रहालयात मुलांना घेऊन जाण्याची हौस या पेठेने बुडालेल्या मजुरीतूनच भागवली. रिक्षाचे भाडे आणि तिकीट देऊन गेल्यावर जनावराने उठावे, चालावे, निदान मान वर करावी, असे त्या कुटुंबाला वाटले तर त्यात अडाणीपणा कोणता? मोल मोजले की माल मिळतो, हाच धडा बाजाराने त्यांना आयुष्यभर दिला आहे. त्यात सर्कशीच्या तंबूत वाढलेली दृष्टी. वाघ, सिंह, बिबळ्या, अस्वल आणि माकड यांच्या खेळांवर केंद्र सरकारने १९९८ साली बंदी घातली व २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. खेळ थांबले, परंतु प्राण्याने काहीतरी करून दाखवावे ही अपेक्षा अधिसूचनेने पुसली जात नाही.

वस्तुस्थिती या अपेक्षेच्या अगदी उलट आहे. सिंह दिवसाचे वीस तासही लोळून काढतो. पोट भरलेल्या निरोगी सिंहाचे ते लक्षण होय. उलट पिंजऱ्यात त्याच त्या वाटेने अखंड येरझारा घालणाऱ्या बिबळ्यापुढे गर्दी जमते, मुले टाळ्या पिटतात आणि “हा बघ, कसा जिवंत आहे” असे बाप कौतुकाने सांगतो. ती येरझार म्हणजे बंदिवासाने जडलेली व्याधी आहे. म्हणजे प्रेक्षकाला जे आवडते ते बहुधा प्राण्याचे दुखणे असते, आणि प्राण्याला जे हवे असते, आडोसा, अंधार, एकांत, ते प्रेक्षकाला फसवणूक वाटते. हे समजावून सांगण्याचे काम कुणाचे? पिंजऱ्यावरच्या गंजक्या पाटीवर प्राण्याचे नाव, त्याचे खाद्य आणि आयुर्मान लिहिले की प्रशासनाला आपले कर्तव्य झाले असे वाटते. जनावराची नस खऱ्या अर्थाने ओळखणारा माणूस म्हणजे रोज मांस टाकणारा, मोऱ्या धुणारा सेवक. पाहुण्यांशी बोलणे हे त्याचे काम मानले जात नाही, आणि त्याला कायम नोकरी देण्याचा विषय निघाला की नगरशासनाला काटकसर आठवते.

कायदा या बाबतीत अगदीच मुका नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियमात प्राणिसंग्रहालयातील जनावरांना डिवचणे, खाऊ घालणे व गोंगाट करून त्रास देणे यांना मनाई आहे. प्राणिसंग्रहालय आठवड्यातून एक दिवस प्रेक्षकांना बंद ठेवावे, असाही नियम आहे. जनावराला साप्ताहिक सुटी मिळाली याचा आनंदच मानावा. घरी विड्या वळणाऱ्या बाईला ती अजून मिळालेली नाही, एवढे जाता जाता नोंदवणे भाग आहे.

पिंजऱ्याचे गज काढून टाकणे हा उपाय जगाने शंभर वर्षांपूर्वीच करून पाहिला. जर्मनीतील कार्ल हागेनबेकने १९०७ साली हांबुर्गजवळ खंदकांनी वेढलेली मोकळी आवारे उघडली. सिंह आणि प्रेक्षक यांच्यामध्ये लोखंड दिसेनासे झाले. पण याच व्यापाऱ्याने त्याआधी कित्येक वर्षे उत्तर ध्रुवाकडील आणि आफ्रिका-आशियातील माणसेही तिकीट लावून दाखवली होती. गज गेले तरी दाखवण्याचा धंदा तोच राहू शकतो, हे यावरून कळावे.

मुंबईच्या राणीच्या बागेने याचा ताजा दाखला दिला. २०१६ साली दक्षिण कोरियाहून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले गेले. त्यांतला एक काही महिन्यांतच मेला. पुढे २०१७ साली प्रौढांचे तिकीट पाच रुपयांवरून एकदम पन्नास रुपये झाले. गिरणगावातील पोरे जिथे पाच रुपयांत दिवस घालवीत, तिथे आता काचेआडचा गारवा पाहण्यासाठी दहापट मोजावे लागतात. नवलाई आयात करायची आणि तिची किंमत गरिबाच्या सुटीवर लावायची, ही लोकशिक्षणाची तऱ्हा नव्हे.

सोलापूरने हा मार्ग धरण्याचे काहीच कारण नाही. शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवर, बार्शी रस्त्याला नान्नजचा माळ आहे. १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झाले ते ८,४९६ चौरस किलोमीटरांचे. शेतकऱ्यांच्या खासगी जमिनीही त्यात कागदोपत्री अडकल्या, खरेदी-विक्री अडली आणि बिचाऱ्या पक्ष्याविषयी गावोगावी राग साठला. २०१२ मध्ये ते क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरांवर आले. माळढोक मात्र सावरला नाही. आज देशात तो दीडशेच्या आसपास उरला आहे. राजस्थानात जैसलमेर जिल्ह्यात त्याची अंडी माळावरून उचलून पिले वाढवली जातात. २०१९ पासून हे काम चालू आहे. बंदिवासाचे निःशंक समर्थन करता येईल असे हे उदाहरण, आणि तिथे प्रेक्षकांची गर्दी नाही, तिकीटखिडकीही नाही.

तेव्हा महापालिकेने प्राण्यांवर खर्च करायचाच तर तो जखमी व अनाथ वन्यप्राण्यांच्या शुश्रूषेवर, आडोसा असलेल्या आवारांवर आणि कायम सेवकांच्या पगारावर करावा. त्याच सेवकांना, वनखात्याच्या रक्षकांना आणि माळावरच्या मेंढपाळांना बोलते करावे. सुटीच्या दिवशी भवानी पेठ, साखर पेठ, अशोक चौक येथून परवडणाऱ्या भाड्यात नान्नजला बस सोडावी, आणि सोबतचा माणूस मराठीइतकाच तेलुगूतही बोलणारा असावा. बसमध्ये चढण्यापूर्वीच सांगून टाकावे की माळढोक दिसण्याची आशा जवळपास नाही, लांडगा दिसला तर नशीब, काळविटांचे कळप मात्र बहुधा दिसतील, तेही दुरून आणि गप्प राहिल्यास.